चकचकीत पत्रा

कैनाड गावच्या सुनिलने २०१६ साली तलासरीत वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि पहिलंच काम डहाणूच्या मासळीबाजारातून आलं. सुरमई कापावी तर हंसामावशींनीच, असा तिथे लौकिक. पण गुडघे धरल्यामुळे त्यांना खाली बसून कापणं जमेना, म्हणून स्टीलचं टेबल हवं होतं. "दिसायला कसंही चालेल," त्या म्हणाल्या, "पण वर ठोकळा ठेवून कोयता मारायचाय. हलायला नको."

गोदामवाल्याने विचारलं, "प्लेट देऊ की कॉइलमधून कापू?" प्लेट जाड, दणकट, पण राखाडी, मळकट. कॉइल म्हणजे गुंडाळीतला पातळ पत्रा, लख्ख चकचकीत. इथे प्लेटच हवी, हे सुनिलला पुरतं ठाऊक होतं. पण पहिलं काम भर बाजारात मिरवायचं होतं ना! प्लेटीला लोक लोखंड म्हणतील, या धास्तीने त्याने कॉइल कापून घेतली. अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय.

मावशींनी टेबलाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बघायला बाजार जमला आणि सुनिल फुगून घरी आला.

दोन वर्षांनी तो मासे घ्यायला गेला, तर मावशींची सून रुपल जमिनीवर ठोकळा ठेवून कापत होती. टेबलावर नुसत्या पाट्या मांडलेल्या. मावशी बाजूला स्टुलावर बसून कोलंबी सोलत होत्या.

"मावशी, कोयता सोडला?"

"हात गेला रे माझा. टेबल आलं त्याच साली. तुकडा एकीकडे जाड, एकीकडे पातळ. गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. वय झालं म्हटलं आणि दिला सुनेला." त्या हसल्या. "तुझ्या टेबलाची मात्र अजून तारीफ होते."

सुनिलने एक पाटी सरकवून पत्र्यावर तळवा दाबला. पत्रा खाली गेला, सोडल्यावर टण्णकन वर आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. प्लेट, कॉइल, मिरवायची हौस, काही लपवलं नाही.

मावशी उजव्या हाताकडे बघत राहिल्या. "म्हणजे हात माझा बरा होता?"

"आठ दिवसांत प्लेटचं टेबल आणतो, मावशी."

त्यांनी रुपलकडून कोयता मागून घेतला, समोर धरला. पातं थरथरलं. मग तो त्यांनी हळूच सुनेला परत दिला.

"आण," त्या म्हणाल्या. "रुपलला होईल. माझा हात आता खरंच गेला."