चादरीचं दुसरं टोक

मित्रांनो, जरा कान इकडे द्या. वयाने जुनी आणि स्वभावाने थोडी तोऱ्याची अशी मी एक घडीची खुर्ची आहे. माझे पाय लाकडी आहेत, बैठक जाड कापडाची आहे आणि बिजागऱ्या अशा कुरकुरतात की मला उघडलं की शेजारच्या वर्गालाही कळतं. एका सुताराने मला मन लावून घडवलं. महाविद्यालयाच्या समाजशास्त्र आणि मानवशास्त्र विभागाने मला विकत घेतलं आणि तेव्हापासून कपाटामागची जागा माझी झाली.

वर्गातल्या बाकीच्या खुर्च्या आयुष्यभर एकाच फळ्याकडे बघत झिजल्या बिचाऱ्या. मी मात्र जग पाहिलं. आमच्याकडच्या मुलांना शेवटच्या वर्षी इंटर्नशिप करावी लागते. म्हणजे एखाद्या कामाच्या जागी जाऊन तिथली माणसं कशी राहतात, कशी बोलतात, एकमेकांना कशी सांभाळून घेतात ते पाहायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. काम पसंत पडलं की क्रेडिट मिळतात आणि क्रेडिट पुरे झाले की पदवी. विभागप्रमुख बाईंचा एक नियम होता, आधी बसून पाहा, मग तोंड उघडा. आणि बसायचं कुठे, तर माझ्यावर.

मी अग्निशमन केंद्रात राहून आले, छापखान्यात राहून आले. एकदा पाळणाघरातही गेले होते. तिथे पोरांनी मला उलटं करून माझं जहाज केलं, तेवढं सोडलं तर सगळीकडे माझा मान राहिला. मुलं पास होऊन आली की मला थोपटून म्हणायची, ही खुर्ची लाभते हं. मग मी कशाला जमिनीवर राहते! माझी पक्की समजूत झाली, की मुलं शिकतात ती माझ्यामुळेच.

अशात टकळी आली. तिचं नाव वेगळं असेल, पण तोंडाला म्हणून विश्रांती नाही, त्यामुळे सगळा विभाग तिला टकळीच म्हणायचा. गेल्या वर्षी आजारपणात तिची इंटर्नशिप राहून गेली होती. बाकी सगळे विषय सुटले होते, फक्त हे चार क्रेडिट अडले होते. यंदा ते मिळाले नाहीत तर पदवी नाही आणि पदवी नाही म्हणजे हातात आलेली नोकरीही गेली. त्यामुळे बाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द पाळायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिला मिळाली मोठ्या दवाखान्याची लाँड्री. दिवसभर तिथे वाफ आणि साबणाचा वास. एका भिंतीला धुलाईची मोठाली मशीन घरघरायची, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि मधे धुतलेल्या चादरींचे डोंगर. कारभार मावशींच्या हातात. मशीन चालवणारा तो दादा आणि इस्त्रीवाले ते काका. टकळीने मला कोपऱ्यात उघडलं, बसली आणि सगळ्यांना नम्रपणे म्हणाली, मी इथे नाहीच असं समजा.

आता तुम्हीच सांगा, एक पोरगी खुर्चीवर बसून टक लावून बघतेय, मधेच काहीतरी लिहितेय, आणि म्हणतेय मी इथे नाही! दादाने रोज नवा शर्ट घालायला सुरुवात केली. काका दर वाक्यात "कृपया" म्हणू लागले. मावशी तर शिंकायलाही बाहेर जायच्या. कोणी हसत नव्हतं, कोणी कुरकुरत नव्हतं, माझ्या बिजागऱ्या सोडल्या तर. टकळीनेही जीभ आवरून धरली होती. हाल होत होते तिचे, पण नियम म्हणजे नियम. तिने पहिला अहवाल लिहिला, त्यात एक वाक्य होतं की या लाँड्रीत भांडणं होत नाहीत.

बाईंनी ते वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, एवढ्या उकाड्यात एवढी माणसं राबतात आणि भांडत नाहीत? तू लाँड्री पाहिलीच नाहीस, पाहुण्यासमोरची लाँड्री पाहिलीस. असंच चाललं तर क्रेडिट विसर.

टकळी रडवेली होऊन परत आली आणि माझ्यावर धपकन बसली. माझं कापड आधीच विरलेलं. ते टरकन फाटलं आणि टकळी माझ्या चौकटीत अडकली, गुडघे नाकाशी आणि हात हवेत. क्षणभर सगळे घाबरले. मग तिलाच फस्सकन हसू फुटलं, आणि काकांनी "कृपया" विसरून अशी काही टिप्पणी केली की मी ती इथे सांगू शकत नाही. सगळी लाँड्री पोट धरून हसली.

मला भिंतीला टेकवून ठेवलं. टकळीला बसायला जागा उरली नाही. उभी आहेस तर हे धर, म्हणत मावशींनी तिच्या हातात चादरीचं टोक दिलं.

चादर दोघांनी घडी करायची असते. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. प्रत्येक घडीला समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतकं. अशा वेळी गप्प राहणं फार अवघड जातं आणि टकळीला तर शक्यच नव्हतं. ती बोलू लागली, तसे सगळे बोलू लागले.

मग भांडणंही दिसली. एके दिवशी काकांनी दादावर ओल्या चादरी पाठवल्याचा आळ घेतला, दादाने तो त्यांच्यावरच उलटवला, काका भडकले आणि दोघांचा अबोला सुरू झाला. मावशींनी कोणाचीच बाजू घेतली नाही. डोंगरातली सगळ्यात मोठी चादर काढली आणि एक टोक याला, एक त्याला दिलं. ही तिथली जुनी रीत होती. ज्यांचं बिनसलं, त्यांनी ढीग संपेपर्यंत एकत्र घड्या घालायच्या. आधी नुसते हिसके बसले. मग "सरळ धर" झालं. ढीग संपता संपता काका दादाला मुलीच्या परीक्षेचं सांगत होते. टकळीला तिचा विषय सापडला आणि मी भिंतीशी फाटक्या पोटाने उभी राहून फुगून बसले होते. माझ्यावाचून तिचं अडलं नव्हतं, हे मला फार लागलं.

मावशींच्या ते कसं लक्षात आलं देव जाणे, पण त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीतलं जुनं हिरवं कापड घेतलं आणि दुहेरी टाका घालून मला नवी बैठक शिवून दिली. बिजागऱ्यांना तेलही घातलं. एवढी निगा माझी कोणी कधी केली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

आणि नेमक्या त्याच दिवशी बाई पाहणीला आल्या. बघतात तर खुर्ची रिकामी आणि टकळी बाह्या वर करून घामाने निथळतेय. बाईंचा आवाज चढला. इंटर्नशिपचे तास पाहण्याचे असतात, राबण्याचे नाहीत. हे तास मी धरणार नाही, म्हणाल्या. टकळीही तापली. तुमच्या नियमाने बसले तेव्हा मला काहीच दिसलं नाही, असं तोंडावर बोलून गेली. झालं, दोघी दोन दिशांना तोंडं करून उभ्या राहिल्या. चार क्रेडिट गेल्यातच जमा होते.

मावशी पुढे झाल्या. त्यांनी मोठी चादर काढली, एक टोक टकळीला दिलं आणि दुसरं बाईंच्या पुढे धरलं. सगळी लाँड्री बघत होती. बाईंनी पर्स माझ्यावर ठेवली आणि टोक धरलं.

पहिल्या चादरीला हिसके बसले. दुसरीला बाई म्हणाल्या, "कोपरा ढिला सोडू नकोस."

"तुम्हीच ओढताय, बाई."

तिसरीला त्या समोरासमोर आल्या तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली. तुम्ही तास कापले असते."

"कापलेच असते," बाई म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या. मग म्हणाल्या, "अहवालात एक गोष्ट लपवू नकोस. चादरीचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं, हे स्पष्ट लिही. मग सगळे तास धरते."

टकळीला चार क्रेडिट मिळाले, पदवी मिळाली, नोकरीही मिळाली. बाईंच्या नियमाला तेव्हापासून एक जोडवाक्य आलं आहे, की कोणी हात पुढे केला तर उठायचं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू फाटल्या म्हणून टाकू नका, एक टाका घाला, थेंबभर तेल घाला. मी अजून पुष्कळ मुलांना बसवून जग दाखवेन. पण तुम्ही पाहत असताना कोणी चादरीचं टोक पुढे केलं, तर माझी काळजी करू नका, खुशाल उठा. त्या दिवशी ढीग संपेपर्यंत मी नुसती बाईंची पर्स सांभाळत उभी होते, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यातली तीच सगळ्यात चांगली दुपार होती.