दोन कपच्या

नखाएवढी दगडाची कपची, तिच्यावर शेंदरी पापुद्र्यासारखं पसरलेलं दगडफूल, आणि खालची तुटकी कड... ती कड तिने दुसऱ्या पाकिटातल्या कपचीला सहज टेकवून पाहिली, तर दोन्ही अशा चपखल बसल्या की मधून केस गेला नसता.

एक पाकीट कड्यावरचं. दुसरं दीपगृहाखालच्या खडकावरचं – दीडशे किलोमीटर लांबचं. हे दगडफूल खडकाला असं चिकटतं की छिन्नीने दगडासकटच उडवावं लागतं. मग एकाच दगडाचे दोन पत्ते कसे?

समोर तक्ता होता. आढळ : पाच ठिकाणी. स्थिती : धोका नाही. खाली तिच्या सहीची जागा. पाच ठिकाणी असेल तर खाणवाल्यांना कडा फोडायला मोकळीक. एकट्या कड्यावरच असेल तर कड्याला कुणी हात लावू शकणार नाही. आणि पाचही नमुने विभागप्रमुख सरांनी आणलेले, एकट्याने. एकट्यानेच का?

“झाली का सही?” सर दारातूनच म्हणाले. “अहो, ते दगडफूल वर्षाला केसभर वाढतं. तुमची सही त्याहून सावकाश चाललीय.”

ती हसली, सर पुढे गेले. हसावं लागतंच – बाळंतपणानंतर याच माणसाने तिला परत घेतलं, रोज चारलाच घरी जाऊ देतो, आधी बाळाचं बघा म्हणतो... इतकं चांगलं कुणी उगाच वागतं? की सारखी घड्याळाकडे बघणारी बाई पाकिटं काही उघडून बघणार नाही, असा अंदाज? त्यांचा तो शांतपणा, खुर्ची पुढे ओढून देणं, सगळंच आता तिला उलटसुलट करून बघावंसं वाटायला लागलं, आणि तिने हातातलं पाकीट उलटं केलं. ठिकाण, तारीख, उंची. अक्षर तिचंच.

म्हणजे... कसर लागलेली जुनी पाकिटं तिनेच बदलली होती, परत रुजू झाली त्या आठवड्यात, पाचही नमुने टेबलावर एकदम मांडून (एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे मुलांना शिकवायची ती!) आणि तेवढ्यात घरून फोन, बाळ तापलंय. ती तशीच पळाली. दुसऱ्या दिवशी येऊन सगळं नीट भरलं... भरलं ना? तुटून पडलेली कपची कुठल्या पाकिटात टाकली? आठवत होता तो फक्त बाळाचा तापलेला तळवा. जुनी पाकिटं तर केव्हाच कचऱ्यात गेलेली.

सरांना सांगितलं तर ते म्हणतील, होतं असं, झोप नसते ना तुम्हाला. लबाडी केली असेल तरी हेच म्हणतील, केली नसेल तरी हेच.

तिने तक्ता तसाच बाजूला सरकवला आणि घरी फोन लावला. या वेळेला ती रोज सासूबाईंची उलटतपासणी घेते – किती वेळ झोपला, दूध किती प्यायला, औषध दिलंत ना, नक्की – आणि “अगं, तुझा नवरा मीच वाढवलाय” असा टोला रोज खाते.

“आई,” ती म्हणाली, “सकाळचं औषध... मी दिलं होतं ना?”

एरवी उत्तर येण्याआधीच तिने त्याचे दहा अर्थ काढले असते. आता ती नुसती थांबून राहिली, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून – आपण काय केलं ते निदान दुसऱ्या कुणाला तरी आठवत असेल, या आशेवर.