उत्तरेकडची आठ घरं

सावनीने स्वतःचा नकाशा आणि खाणीचा जुना नकाशा पुन्हा एकावर एक ठेवले आणि पुन्हा तेच दिसलं. उत्तरेच्या शेतातले आठ उंचवटे विटांसाठी माती काढलेल्या खाणीच्या कडेने बरोबर बसत होते.

हेझलकोट हे इंग्लंडमधलं सहाशे वर्षांपूर्वी ओस पडलेलं खेडं. वर आता नुसतं गवत. विमानातून लेझरने केलेल्या मोजणीवरून घरांचे चौथरे ओळखायचं काम सावनीने अमेरिकेतल्या बॉथेलमधल्या या खोलीत बसून केलं होतं. तिच्या रिपोर्टमध्ये एकोणीस घरं होती. त्याच आधारावर शेजारच्या गावातल्या लोकांनी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही शेतांना संरक्षण मागितलं होतं, कारण उत्तरेच्या शेतावर बिल्डरचा डोळा होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचा खाणीचा नकाशा तिकडच्या दप्तरखान्यातून काल आला. सुनावणी आज होती. बॉथेलच्या सकाळी सातला, म्हणजे तिकडे दुपारी तीनला.

तिच्या संशोधनाच्या गाईडने फोनवर सांगितलं होतं की करेक्शन नंतर लेखी पाठवता येईल, आज विचारल्याशिवाय बोलू नकोस.

ज्यांच्या घरी ती भाड्याने राहत होती त्या मालिनीकाकू उपम्याची बशी घेऊन आल्या.

"खाऊन घे गं थोडं. काल रात्रीही जेवली नाहीस."

"नंतर, काकू. आत्ता सुरूच होईल सुनावणी."

स्क्रीनवर सुनावणीच्या व्हिडिओ कॉलचे चौकोन उघडले. एका चौकोनात त्या शेतांशेजारी राहणाऱ्या मार्गारेट होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. चार वर्षं त्या शेतं तुडवत खापरं वेचत होत्या आणि प्रत्येक तुकडा धुऊन, फोटो काढून सावनीला पाठवत होत्या. त्यांनी हात हलवला. सावनीनेही हलवला.

तिचं नाव पुकारल्यावर तिने लिहून ठेवलेला कागद बाजूला सारला. दक्षिणेच्या अकरा घरांबद्दल खात्री आहे, ती म्हणाली. उत्तरेची आठ घरं नाहीत, ते खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग आहेत, चूक माझी आहे. बिल्डरच्या वकिलाने काहीतरी टिपून घेतलं. मार्गारेटचा चौकोन काळा झाला.

तासाभराने निकाल आला. दक्षिणेचं शेत राखायचं, उत्तरेचं बांधकामाला मोकळं. सावनी खुर्चीतच बसून राहिली. मार्गारेटना काय लिहावं ते सुचेना. तीनदा लिहून तीनदा खोडलं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"मार्गारेट, सॉरी. मला कालच..."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा त्याच खाणीत कामाला होते. या घराच्या विटा तिथल्याच."



"मग मला सांगितलं का नाहीत?"



"तू घरं म्हणालीस, शेत वाचेल म्हणून मी गप्प बसले. तुला नकाशा सापडू नये असं वाटत होतं." मग त्यांनी विचारलं, "किती वाजले तिकडे?"

"साडेआठ. सकाळचे."

"इथे ऊन उतरायला लागलंय. ते शेत माझ्या खिडकीतून दिसतं. बसते जरा बघत, आहे तोवर."