नऊच माणसं

लशीची बाटली एकदा उघडली की दहा जणांना टोचायची, नाहीतर उरलेले डोस फेकायचे. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असा साहेबांचा हुकूम होता. मी आदिवासी वस्तीतलीच नर्स. साथ पसरल्यावर महिनाभर दारोदार शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे नऊ जण दवाखान्यात आले. सगळ्यांच्या पुढे माझी काकू, तीन तास डोंगर उतरून आलेली.

मी साहेबांना फोन लावला.

"एक डोस वाया गेला तर जाब कोण देणार?" ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात बोलवा."

काकू हसली. "अगं, आमची भीती घालवायला तू चपला झिजवल्यास. आता तुझ्या साहेबाची भीती कोण घालवणार?"

बाटली माझ्या हातात होती. मी ती उघडली नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही.

पुढच्या महिन्यात तिघंच आले. काकू आदल्याच आठवड्यात तापाने, धाप लागून गेली होती.

साहेबांनी अहवाल लिहिला, "आदिवासी लस घ्यायला तयार नाहीत." खाली सही माझी मागितली. मी केली.