मनगटाची स्टेप

"हात सोडवून घे, पण लाडानं! खरं भांडण नाहीये हे." रूपालीनं गाणं थांबवलं आणि ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "आणि रविराज, तुम्ही घट्ट धरा. ढिला हात स्टेजवरून लगेच दिसतो."

निफाडच्या त्या बंगल्याच्या गच्चीवर दोन्हीकडची माणसं जमली होती. लग्न आठवड्यावर आलेलं. नवरी हर्षाली याच घरची, बी.फार्म झालेली. नवरा मुलगा रविराज चांदवडचा, घरची कांद्याची खळी, दोन ट्रक, जिममध्ये कमावलेले दंड. मुलगा वाईट म्हणावा असा नव्हता. मोठ्यानं हसायचा, सगळ्यांशी हसायचा. त्यांचं संगीत बसवायला नाशिकहून, इंदिरानगरातून, रूपाली स्कूटरवर स्पीकर बांधून येत होती.

पूर्वी हळदीला डीजे लावला की भागायचं. आता बागायतदाराच्या घरी संगीत नसेल तर पाहुणे नावं ठेवतात. नवरा-नवरीच काय, आत्या-मामांनाही नाचायचं असतं, आणि कंबर जन्मात न हललेल्या मामांना नाचवायचं तर रूपालीच हवी, हे पंचक्रोशीत ठरून गेलं होतं. तिची एक स्टेप तर ठेवणीतली होती. लोक तिला 'मनगट' म्हणायचे. नवरी मानेनं नाही नाही म्हणत पळते, नवरा तिचं मनगट धरून खेचतो, ती पुन्हा नाही म्हणते, तो पुन्हा खेचतो, आणि शेवटी ती गिरकी घेऊन त्याच्या छातीवर येऊन पडते. शिट्ट्या तिथेच पडायच्या. ही स्टेप कुठल्या सिनेमातून घेतली असं तिला कधी कुणी विचारलं नाही, कारण ती सगळ्याच सिनेमांत होती.

विचारलं ते निकितानं. तेही सगळ्या जगासमोर.

निकिता म्हणजे रूपालीच्याच क्लासमधली पोरगी. परकराच्या वयापासून कॉलेजपर्यंत तिच्याकडे शिकलेली. आता पुण्यात सिनेमाचा अभ्यास करायची आणि व्हिडिओ टाकायची. नव्या व्हिडिओत तिनं सिनेमातली गाणी घेतली होती, सिरियलमधले नवरे घेतले होते आणि मधेच एका संगीताची क्लिप होती. चेहरे पुसलेले होते, पण रूपालीनं आपलं 'मनगट' ओळखलं; आपलं लेकरू पाठमोरं असलं म्हणून आई ओळखत नाही होय? "पडद्यावरची बाई नाही म्हणते, तेव्हा तिला हो म्हणायचं असतं, हे आपल्याला कुणी शिकवलं?" निकिता विचारत होती. "आणि आता तर आपण ते क्लास लावून, हौसेनं शिकतोय."

रूपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोरिओग्राफर लोकांच्या ग्रुपवर तर जत्राच भरली होती. कुणी म्हणे, हिचं लग्न जमत नसेल. कुणी म्हणे, हिला पुरुषांचाच राग. एकानं लिहिलं, हिच्या नादी लागलो तर नवरा-नवरीला लांब लांब बसवून भजनं म्हणावी लागतील. रूपालीनंही लिहिलं, "नाचायला मीच शिकवलं हिला." भराभर अंगठे आले. तेवढ्यानं बरं वाटायला हवं होतं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

"सिनेमा सिनेमाच्या जागी," नवनाथ, तिचा नवरा, म्हणाला. "तू कशाला मनाला लावून घेतेस?"

तिला ते पटलं. मग संध्याकाळी कणीक मळताना टीव्हीवर रोजची सिरियल लागली. नायकानं बायकोची वाट अडवली, तिनं बाजूला व्हा म्हटलं, तो झाला नाही, आणि मागं बासरी वाजली. हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. आज मात्र तिचा हात परातीतच थांबला. त्या पोरीनं आपल्याला साधं टीव्ही बघण्यातूनही उठवलं, याचाही तिला राग आला. तेव्हापासून तिला कशातच चैन नव्हतं.

"चला, पुन्हा एकदा," गच्चीवर तिनं टाळी वाजवली. गाणं सुरू झालं. हर्षाली पळाली, रविराजनं मनगट धरलं, खेचलं. हर्षालीनं मान हलवली, दुसऱ्या हातानं त्याची बोटं सोडवायला गेली, ओठ हलले. कपाळावर बारीक आठी आलेली.

"हां! हेच!" रूपाली ओरडली. "हेच एक्स्प्रेशन स्टेजवर पाहिजे!"

टाळ्या पडल्या. मग सरबत आलं, मंडळी सावलीला बसली. हर्षाली पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभ्या असलेल्या रूपालीजवळ आली आणि तिनं कुर्त्याची बाही वर केली. मनगटावर बोटं उमटली होती. कालची निळी, आजची लाल.

"मॅडम, ही स्टेप बदलता येईल का? मी सांगितलं असं नका ना सांगू."

"अगं, मग त्यांना सांग की, हळू धरा म्हणून."

"सांगितलं. फोनवरपण सांगितलं. ते हसतात. म्हणतात, मॅडमनीच सांगितलंय घट्ट धरायला." हर्षालीनं बाही खाली ओढली. "मगाशी मी खरंच म्हणत होते, सोडा, दुखतंय. तेव्हा तुम्ही म्हणालात, हेच एक्स्प्रेशन."

मजा म्हणजे, रूपालीला पहिला राग आला तो निकिताचाच. पुण्यात बसून व्हिडिओ करायला हिचं काय जातं! आज स्टेप बदलली तर उद्या सगळ्या ग्रुपवर होईल की रूपाली मॅडम घाबरल्या, शिष्येनं गुरूचा कान धरला. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि या घराशेजारच्या दोन घरांची संगीतं अजून ठरायची होती. पण पोरगी समोर उभी होती. घरात एवढी माणसं असून ती सांगायला आली होती नाचवणाऱ्या बाईकडे.

रूपाली सावलीतल्या मंडळींसमोर जाऊन उभी राहिली. "शेवटची स्टेप बदलतेय. रविराज, तुम्ही फक्त हात पुढं करायचा. हर्षाली तुमच्याभोवती फिरेल आणि येऊन हातात हात देईल."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. उभं राहायचं."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत."

एकच हशा पिकला. "रव्या, म्हातारा होशील रे तंवर!" त्याच्या मित्रानं आरोळी ठोकली.

रविराजच्या आत्यानं, धोंडाबाईंनी, पदर सावरला. "असं कुठं असतंय का बाई? पिक्चरमधी नवरा वढूनच आणतो. त्यातच तर मजा हाय. पोरगी काय आपणहून येती का? लय वंगाळ दिसंल ते."

"मॅडमनी त्या पुण्याच्या पोरीचा व्हिडिओ बघितला वाटतं," मित्र म्हणाला. "ती सगळ्यांना शहाणपण शिकवती, ती."

आता खोटं बोलणं अगदी सोपं होतं. स्टेजवर बरं दिसतं म्हणून बदलली, एवढं म्हटलं की काम झालं असतं. रूपालीच्या ओठांवर ते आलंही.

"बघितला," ती म्हणाली. "माझीच विद्यार्थिनी आहे ती."

हसणं जरा ओसरलं. रूपालीनं गाणं लावलं.

रविराजनं ऐटीत हात पुढं केला. हर्षाली त्याच्याभोवती फिरली, छान फिरली, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. कडवं संपलं. ती पुढं आली नाही. रविराजनं बोटं हलवून खुणावलं, मित्रांकडे बघून डोळा मारला. धृपद पुन्हा सुरू झालं. "ये ना," तो हळूच म्हणाला. हर्षाली त्याच्या हाताकडे बघत होती. त्याचं हसू कमी कमी होत गेलं. खळ्यावर, घरात, कुठंच त्याला असं उभं राहावं लागलं नसणार. हात पुढं धरून ठेवायचा की खाली घ्यायचा, हेच त्याला कळेना, आणि क्षणभर रूपालीला त्याचीही दया आली.

तिचा अंगठा मोबाईलवर होता. एकदा दाबलं की गाणं थांबलं असतं, सगळे सुटले असते. तिनं नाही दाबलं. गाणं आपल्या चालीनं वाजत राहिलं आणि संपलं.

रविराजनं हात खाली घेतला, पँटला पुसला. "ही कसली स्टेप मॅडम," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

हर्षालीचे चुलते मल्हारीतात्या खुर्चीवरून उठले. माणूस अत्यंत सभ्य. "मॅडम, आज राहू द्या. पुढचं पोरं घेतील मोबाईलवर बघून. तुम्हालाबी लांब जायाचंय."

एवढ्या वर्षांत असल्या वाक्याचा अर्थ विचारायची गरज रूपालीला उरली नव्हती. शेजारची दोन घरंही गेली, हे तिला स्पीकरची वायर गुंडाळतानाच कळून चुकलं. "चहा तरी घेऊन जा," हर्षालीची आई म्हणाली, पण तिनं मान वर केली नाही. तिनं मघाशी लेकीचं मनगट पाहिलं होतं की काय, कोण जाणे.

रूपाली जिना उतरली. मागून कुणीतरी तिच्या हातातला स्पीकर घेतला. हर्षाली होती. दोघी फाटकापर्यंत आल्या.

"माझ्यामुळं तुझं काही बिघडलं नाही ना गं?" रूपालीनं विचारलं.

"माहीत नाही, मॅडम." हर्षालीनं स्पीकर स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवला आणि वरून पट्टा आवळला. "मला वाटलं होतं, मी जाईन. खरंच वाटलं होतं. पण पायच उचलेना."

रूपालीनं त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

गच्चीवरून आईची हाक आली. "हर्षे, वर ये, चांदवडची मंडळी निघालीत!" मग रविराजचा आवाज आला, आधी नुसतं नाव, मग जरा चढ्या सुरात, "अगं, ये ना!" कठड्यावर दोन-चार डोकी दिसू लागली.

हर्षालीनं वर पाहिलं नाही. स्पीकरवर आवळलेला पट्टा तिला ढिला वाटला असावा. तो तिनं सगळा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश बांधायला घेतला.