चिलटांचा बंदोबस्त

"घरभर चिलटं झालीत, आई! तुझ्याच्यानं आता एकटीनं होत नाही. पुढच्या रविवारी तुला माझ्याकडे घेऊन जाणार," असं लेक दारातच सांगून गेली. म्हणजे मी काय कपाट आहे, उचललं आणि नेलं? म्हटलं, आता या घरात चिलटं तरी राहतील, नाहीतर मी तरी.

वाटीत व्हिनेगर ओतून ओट्यावर ठेवलं. चिलटं आली, काठावर बसून यथेच्छ प्यायली आणि पाहुण्यांसारखी उठून गेली. शेजारच्या शिंपीणबाई हसल्या. "अहो, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका त्यात. मग बसलं की बुडालंच." टाकला. संध्याकाळी वाटीचा तळ काळा! पण सकाळी पुन्हा तेवढीच हजर. नुसती मारून संपणार नव्हती मेली. जन्मतात कुठे, ते शोधायला हवं होतं.

झोपताना सिंकच्या जाळीवर काचेचा पेला उपडा घातला. सकाळी पेला रिकामा, म्हणजे तिथून येत नव्हती. कचऱ्याचा डबा घासला, फरशीचं फडकं उन्हात टाकलं. गुडघे कुरकुरत होते, पण मीही हट्टाला पेटले होते.

शेवटी स्टुलावर चढून फ्रिजवरची फळांची टोपली उतरवली. लेक दर रविवारी पिशवीभर फळं आणते. माझं एकटीचं पोट ते केवढं? नातवंडं आली की खातील म्हणून मी ठेवून देते. नातवंडांना सवड होत नाही. तळाशी द्राक्षांचा लगदा झाला होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मला फार वाईट वाटलं. मग सगळं पिशवीत घट्ट बांधून बाहेर टाकलं आणि टोपली उकळत्या पाण्यानं धुतली. उरलीसुरली चिलटं वाटीत गेली.

रविवारी लेक आली, हातात फळांची पिशवी. स्वयंपाकघराचा कोपरा न् कोपरा तिनं पाहिला. शपथेलाही चिलट नव्हतं.

"कुठून येत होती गं?"

"तुझ्या फळांतून. मुलांसाठी ठेवत होते मी."

"आई, मी तुझ्यासाठी आणत होते!"

"मग दोनच आण. आणि ही आधी नळाखाली धू. सालीवर अंडी घालतात ती."

तिनं नळ सोडला. बराच वेळ धूत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या रविवारी आम्ही चौघं जेवायला येऊ? झेपेल तुला?"

"घर माझं आहे," मी म्हटलं. "वेळेवर या."