कंट्रोल, शिफ्ट, सी

मी कीबोर्ड बोलतोय. बोलायची मला हौस नाही. जन्मभर दुसऱ्यांचं म्हणणं उतरवलं, आता माळ्यावर जरा पडून राहिलो तर तुम्ही मागे लागलात, सांग म्हणे तुझी कहाणी. सांगतो. पण मध्ये बोलू नका, आणि गोड काही ऐकायला मिळेल अशी आशाही धरू नका.

मी शिकलेलो नाही. अंगावर एकशेचार कळा आहेत, त्यांच्यावरचं एक अक्षर मला वाचता येत नाही. कोणत्या जागी बोट पडलं तेवढं कळतं. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला जाग आली ती धुळ्याला, कोर्टासमोर, लोटन टायपिस्टच्या टपरीत. अकरा वर्षं त्याच्या हाताखाली काढली. वारसाचे अर्ज, भांडणाचे अर्ज, नावात चूक झाली म्हणून दुरुस्तीचे अर्ज. लोटन तंबाखू चोळायचा आणि चुना माझ्या अंगावर सांडायचा. पण एवढ्या वर्षांत त्यानं एक कळ कधी रागानं हाणली नाही. डोळे अधू झाले तेव्हा त्यानं टपरी बंद केली आणि मला ओळखीतल्या जितेंद्र भामरेला देऊन टाकलं.

जितेंद्रचं घर जळगावात, मेहरूणला. माणसं मूळची साक्रीकडची. घरात त्याचे वडील चुडामण आबा, ते अजून अहिराणीच बोलतात, आणि बायको चारुलता. ती शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते, हात हलका आहे तिचा. जितेंद्र भुसावळजवळ वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये. त्या घरात 'शिफ्ट' म्हटलं की ड्यूटी. ए म्हणजे सकाळची, बी म्हणजे दुपारची, सी म्हणजे रात्रीची. भाजी कधी फोडणीला टाकायची तेसुद्धा शिफ्ट पाहून ठरायचं.

आबांची बायको सुंदरबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आवाजाची अकरा रेकॉर्डिंगं तेवढी मागे राहिली. वांगी भाजताना चारुलतावर ओरडणं, भावाशी फोनवर बोलणं, असलंच सगळं. पण अकरावं वेगळं होतं. मुलीच्या, मोनालीच्या हळदीत बायकांनी धरून बसवलं तेव्हा तिनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं होतं. चाळीस वर्षांत 'जितूना आबा', म्हणजे जितूचे आबा, यापलीकडे त्या बाईनं हाक मारली नव्हती. आबा रोज दुपारी तेवढंच लावायचे.

हे सगळं होतं एका हार्ड डिस्कवर. ती एक दिवस टिकटिक करायला लागली.

जितेंद्रनं सकाळी कामावर जाण्याआधी ती जोडली आणि पडद्यावर काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत चित्र नसतं, बटण नसतं. हुकूम टाईप करायचा आणि तो चालू होतो. त्यानं हुकूम टाकला. एकेक रेकॉर्डिंग दुसरीकडे निघायला लागलं.

"हात लावू नका," तो म्हणाला. "ही एकदाच चालेल. मध्ये थांबली तर परत उठणार नाही."

"तिना आवाज शे ना त्यामा?" आबांनी विचारलं.

"आहे आबा. दुपारपर्यंत सगळं, बठ्ठं निघेल."

अकराच्या सुमारास खिडकीत इंग्रजीत कसलीतरी लांब ओळ आली. चारुलताला शाळेची सुट्टी होती, ती घरीच होती. ती घाबरली. फोटो काढून पाठवला तर तो हलला. तिनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडे यंत्रांची घरघर.

"फोटोत वाचता येत नाही," जितेंद्र ओरडला. "ओळ कॉपी करून पाठव."

"कशी करू?"

"कंट्रोल, शिफ्ट, सी!"

"अहो, आज तर ए होती ना? सी कधी लावली?"

"हां हां, तेच! ठेवतो."

घरघरीत त्याला तिचं 'सी' तेवढंच ऐकू गेलं असावं. फोन बंद. ती आबांना म्हणाली, "बघा, कंट्रोलला सी शिफ्ट पण लावली यांना. आता उद्याच येतील. साधं कॉपीचं विचारलं तर ड्यूटी सांगतात."

मग तिनं ओळ माऊसनं निवडली आणि ऑफिसात रोज करते तसं कंट्रोल आणि सी दाबलं.

काळ्या खिडकीत कॉपी करायचं तर शिफ्टची कळसुद्धा धरावी लागते. नुसतं कंट्रोल आणि सी म्हणजे तिथं 'थांब'. मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठं? दाबलं की पोचवायचं, एवढंच माझं काम. पोचवलं. हुकूम थांबला. डिस्कनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

तीन वाजता जितेंद्र दारात.

"तुमची तर सी शिफ्ट ना?" चारुलता म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच तर!"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत कंट्रोल आणि सी दाबल्याची खूण तशीच उमटलेली होती. त्याला सगळं कळलं. त्यानं निघालेली रेकॉर्डिंगं मोजली. सहा निघाली होती. अकरावं नव्हतं.

"बठ्ठं गयं का?" आबांनी विचारलं.

चारुलता तोंडावर पदर धरून उभी. जितेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि मला उचलून आपटलं.

"या भंगारामुळे, आबा. सीची कळ अडकते याची. आपोआप दाबली गेली."

माझ्या आयुष्यात माझी एकही कळ कधी अडकलेली नाही.

त्यानं मला कोपऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी नवा आला, आतून दिवे लागणारा.

तीन दिवसांनी, घरात कोणी नसताना, आबा आले. मला मांडीवर घेतलं. चष्मा पुसून सीची कळ शोधली आणि अंगठ्यानं दाबली. वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. दहा-बारा वेळा त्यांनी तेच केलं.

"कळ ते चांगली शे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मला हळूच खाली ठेवलं. मुलाला मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

चारुलतानं आठवडा कसाबसा काढला. मग एका सकाळी आबांच्या पुढ्यात बसली आणि सगळं सांगितलं, शिफ्टची गफलतसुद्धा. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, चुन्याचे जुने डाग काढले, माळ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "चुकले रे मी." माझं तिच्याकडे काही बाकी नाही.

आबा आता दुपारी सहाव्या रेकॉर्डिंगपर्यंत ऐकतात. सहावं संपलं की उठून दार लोटून घेतात. मुलगा तेव्हा शेजारच्या खोलीतच असतो. खरं काय ते आपल्या बापाला आधीच ठाऊक आहे, हे त्याला अजून माहीत नाही. एकदा येऊन त्यांच्याजवळ बसला आणि 'आबा, मी खोटं बोललो' म्हणाला, तर ते दार उघडं राहील.

मला परत टेबलावर घेऊ नका, ती इच्छा संपली. बायकोला वाचवायला तो खोटं बोलला हेही मी समजतो. पण कळ अडकते असा ठपका घेऊन मी मरणार नाही. माझी आणि आबांची, दोघांची माफी ज्यानं मागायची आहे त्याचं नाव लिहून घ्या: जितेंद्र भामरे.